स्वदेशी कॅमेऱ्याचे कर्ते : बाबूराव पेंटर

कोल्हापूर शहरात खरी कॉर्नर नावाचा एक गजबजलेला भाग आहे. तेथे कॅमेऱ्याची आठवण म्हणून उभारलेला एक स्तंभ आहे. येणारेजाणारे पुष्कळ असतात, पण थांबून पाहणारे थोडे. राजाचा, सेनापतीचा किंवा एखाद्या पुढाऱ्याचा पुतळा आपण गावोगावी पाहतो. एका यंत्राचे स्मारक मात्र सहसा कोणी उभारत नाही. मग या यंत्रात असे काय होते? ते विकत आणलेले नव्हते. ते कोल्हापुरात, कोल्हापूरच्या माणसांनी, कानशीने घासून आणि लेथवर कातून तयार केलेले होते. ज्यांच्या हातून ते पूर्ण झाले त्यांचे नाव बाबूराव पेंटर.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. त्यांचे मूळ आडनाव मेस्त्री. वडिलांचे नाव कृष्णराव. मेस्त्री म्हणजे हाताच्या कामात तरबेज असलेला कारागीर, आणि हे कुटुंब नावाप्रमाणेच होते. लाकूड, लोखंड, रंग, माती यांपैकी काहीही या घराला परके नव्हते. बाबूरावांचे शाळेतले शिक्षण फारसे झाले नाही. चित्रकलेच्या मोठ्या विद्यालयातही ते गेले नाहीत. घरातली हत्यारे आणि घरातली माणसे हीच त्यांची शाळा होती.

त्या घरात आणखी एक मुलगा होता. तो म्हणजे बाबूरावांचा चुलतभाऊ आनंदराव. दोघांची जोडी अशी जमली की एकाचे नाव घेतले की दुसऱ्याचे आपोआप यावे. त्या काळी महाराष्ट्रात संगीत नाटकांना मोठा बहर आला होता. नाटकात राजवाडा दाखवायचा असेल, अरण्य दाखवायचे असेल किंवा नदीचा घाट दाखवायचा असेल, तर मोठ्या कापडावर ते दृश्य रंगवून मागे सोडीत. असे पडदे रंगविणे हे कसबाचे काम. सुमारे १९१० पासून आनंदराव व बाबूराव या कामात नावाजले गेले. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठी त्यांनी पडदे रंगविले. मुंबईच्या गुजराती व पारशी नाटक मंडळ्याही त्यांच्याकडे काम देऊ लागल्या. लोक त्यांना मेस्त्री म्हणण्याऐवजी पेंटर म्हणू लागले, आणि तेच त्यांचे आडनाव होऊन बसले.

कोल्हापुरात तेव्हा राजर्षी शाहू महाराजांचे राज्य होते. महाराजांना कुस्तीची आवड होती हे सर्वांना ठाऊक आहे. चित्रकार, गवई आणि नट यांनाही त्यांचा आधार असे. आबालाल रहिमान हे थोर चित्रकार त्यांच्याच आश्रयाने कोल्हापुरात राहिले. उस्ताद अल्लादिया खाँ त्यांच्या दरबारचे गायक होते. अशा गावात एखाद्या तरुणाला काही नवे करून पाहावेसे वाटले, तर त्याला वेड्यात काढणारे थोडे आणि पाठीवर हात ठेवणारे अधिक, अशी परिस्थिती होती.

अशा वेळी सिनेमा आला.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट मुंबईत झळकला. तो मूकपट होता, म्हणजे त्यात आवाज नव्हता. फाळक्यांनी त्यासाठी विलायतेहून कॅमेरा आणला होता. चित्रपट काढायला पैसे उभे करायचे म्हणून त्यांनी आधी एक नमुना तयार केला, तोही ऐकण्यासारखा आहे. कुंडीत वाटाणा पेरून त्यांनी कॅमेरा त्याच्यासमोर रोवला, आणि कित्येक दिवस ठरावीक वेळाने एकेक चित्र घेतले. पडद्यावर ते भराभर दाखविले तेव्हा वाटाण्यातून अंकूर फुटून वेल वर चढताना दिसला. इतकी लहान वस्तू इतकी मोठी होऊन समोर हलते आहे, हे पाहून सावकाराची खात्री पटली. पुढे फाळक्यांनी आगकाड्यांनाही पडद्यावर नाचविले. लहान वस्तू जवळून पाहण्याची ही आवड आणि सिनेमाचा धंदा यांचे नाते असे पहिल्यापासूनचे आहे.

आनंदराव आणि बाबूराव यांना या नव्या खेळाचे वेड लागले. ते सिनेमे पुन्हा पुन्हा पाहू लागले. आजवर ते रंगवीत असलेले पडदे स्थिर होते. त्यांवरची नदी वाहत नव्हती आणि झाडाचे पान हलत नव्हते. इथे तर पडदा कोरा, आणि त्याच्यावर सारे जग हलत होते. चितारी माणसाला याचा मोह पडला नसता तरच नवल. त्यांनी मुंबईहून एक जुना प्रोजेक्टर, म्हणजे सिनेमा दाखविण्याचे यंत्र, मिळविला आणि काही काळ सिनेमा दाखविण्याचा उद्योगही केला. पण त्यांचे लक्ष पडद्यापेक्षा यंत्राकडेच अधिक होते. सिनेमा दाखविता येतो, तर घेता का येऊ नये, असे त्यांच्या मनात आले.

कॅमेरा विकत घ्यायचा तर तो परदेशातून आणावा लागे. त्याची किंमत पडदे रंगविणाऱ्यांना झेपणारी नव्हती. शिवाय १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी माल मिळणे आणखी अवघड झाले. तेव्हा आनंदरावांनी कॅमेरा घरीच करायचे ठरविले.

हे ठरविणे म्हणजे काय, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांचे वडील, काका किंवा थोरले भाऊ शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला कारखान्यात जातात. आपल्या उचगावात तर संध्याकाळी तेलाने काळे झालेले हात घेऊन घरी येणारी माणसे घरोघरी आहेत. त्यांना विचारा, सुताइतका फरक म्हणजे किती मोठा फरक! ते पुढचे वर्णन माझ्यापेक्षा चांगले समजावून देतील.

सिनेमाची फिल्म ही ३५ मिलिमीटर रुंदीची लांबलचक पट्टी असते. तिच्या दोन्ही कडांना बारीक छिद्रे असतात. दर चार छिद्रांच्या उंचीत एक चित्र बसते. एक चित्र म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर उंचीचा तुकडा, आपल्या अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा. एक फूट फिल्मवर अशी १६ चित्रे मावतात. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रे घेत असत. म्हणजे दर सेकंदाला एक फूट फिल्म कॅमेऱ्यातून जायची. मोटार नव्हती. कॅमेऱ्याच्या बाजूला एक दांडा असे. तो सेकंदाला दोन फेरे या बेताने हाताने फिरवायचा. कॅमेरा चालविणारा माणूस मनातल्या मनात ताल धरी. ताल चुकला की पडद्यावरची माणसे एकदम धावू लागत किंवा पेंगू लागत.

पण खरी अडचण वेगाची नव्हती. फिल्म सतत सरकत राहिली तर चित्र उमटणार नाही, सारे फराटे होतील. म्हणून फिल्म थांबली पाहिजे, तेवढ्यात भिंगातून उजेड आत आला पाहिजे, मग उजेड बंद झाला पाहिजे, आणि अंधारात फिल्म एक चित्राएवढी पुढे सरकून पुन्हा थांबली पाहिजे. हे सगळे एका सेकंदात सोळा वेळा! यासाठी कॅमेऱ्यात एक लहानसा नख्यांचा पंजा असतो. तो पुढे येतो, छिद्रात नख्या घालतो, फिल्म खाली ओढतो, नख्या काढून घेतो आणि वर जातो. त्याच वेळी भिंगामागे एक अर्धवट कापलेली तबकडी फिरत असते. ती पंजा चालताना उजेड अडविते आणि फिल्म थांबली की वाट मोकळी करते. पंजा आणि तबकडी यांची वेळ जुळविणारी दातेरी चाके मागे असतात. त्यांतला एक दाता जरी झिजलेला असला तरी सगळा खेळ बिघडतो.

आता जरा हिशेब करून पाहू. फिल्मवरचे चित्र साधारण २५ मिलिमीटर रुंद असते. ते ५ मीटर रुंदीच्या पडद्यावर दाखविले तर २०० पट मोठे होते. समजा, पंजाने फिल्म ओढताना प्रत्येक वेळी मिलिमीटरच्या फक्त दहाव्या भागाची चूक केली. पडद्यावर ती चूक २ सेंटिमीटरची होईल, आणि राजा, राणी, राजवाडा सारे थरथर कापू लागतील. हाताने पडदे रंगविताना एक रेघ बोटभर इकडची तिकडे झाली तर कुणाला कळत नसे. इथे केसाएवढी चूकही लपत नव्हती. दोन्ही भावांना हा नवा धडा होता.

हातात असलेला प्रोजेक्टर हाच त्यांचा नमुना होता. प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही एकाच घराण्यातली यंत्रे आहेत. दोहोंतही फिल्म थांबत थांबतच सरकते. फरक एवढाच की एकात उजेड आतून बाहेर जातो आणि दुसऱ्यात बाहेरून आत येतो. तेव्हा या यंत्राचे भाग न्याहाळायचे, त्यांची मापे घ्यायची, आणि तसा भाग पितळेत किंवा लोखंडात कातून पाहायचा, अशी ही विद्या होती. ज्याला आपण घरी घडीसाज म्हणतो, त्या घड्याळजीच्या दुकानात तुम्ही कधी उभे राहिला असाल. तो डोळ्याला भिंग लावून घड्याळाचे चाक पाहतो. त्या भिंगातून एकदा तरी पाहा. डोळ्यांना गुळगुळीत दिसणाऱ्या चाकावर कानशीचे ओरखडे दिसतात, दात्याची झिजलेली कड दिसते, अडकलेला धुळीचा कण खड्याएवढा दिसतो. हल्ली मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढे असे भिंग धरून चाकांचे फोटोही काढता येतात. आनंदराव व बाबूराव यांना मोबाईल ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण अशा नजरेवाचून त्यांचे काम झाले नसते. चित्रकाराची नजर आणि मेस्त्र्याचा हात एकाच घरात होते, हे त्यांचे भाग्य.

सगळेच मात्र घरी करण्यासारखे नव्हते. उत्तम भिंगे तेव्हा आपल्या देशात तयार होत नसत, आणि कोरी फिल्मही परदेशातूनच येई. म्हणून 'स्वदेशी कॅमेरा' म्हणताना एवढे ध्यानात ठेवावे. तरीही त्याचे अंतरंग, ज्यात खरी कसोटी होती, ते कोल्हापूरचे होते. मला तरी याने त्या यंत्राची थोरवी कमी झाल्यासारखी वाटत नाही.

काम चालू असतानाच मोठा घाला पडला. १९१६ मध्ये आनंदराव वारले. कॅमेरा अर्धवट राहिला. ज्याने हा घाट घातला तोच गेला. बाबूराव तेव्हा अवघे सव्वीस वर्षांचे होते. पडद्यांचा धंदा चांगला चालला होता. तो करीत राहिले असते तर त्यांना कुणी नावे ठेवली नसती. पण भावाने हाती घेतलेले काम त्यांनी खाली ठेवले नाही.

या काळात त्यांच्याजवळ काही जिवाभावाचे साथीदार होते. विष्णुपंत दामले हे त्यांतले एक. यंत्र पाहिले की ते खोलून पाहावे, असा त्यांचा स्वभाव. दुसरे शेख फत्तेलाल. त्यांचा जन्म १८८९ चा आणि गाव कागल. उचगावच्या फाट्यावरून हमरस्त्याने दक्षिणेकडे निघाले की लागते तेच कागल. फत्तेलाल चित्रकलेत निपुण होते. पुढे सारे लोक त्यांना आदराने आणि मायेने साहेबमामा म्हणू लागले. दामले आणि फत्तेलाल यांची मैत्री जन्मभर टिकली. चित्रपटांच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे पुढे 'दामले-फत्तेलाल' अशी जोडूनच येत. एक ब्राह्मण आणि एक मुसलमान, दोघेही बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले. त्या कारखान्यात कुणाची जात किंवा धर्म विचारायला कुणाला सवडच नव्हती.

बाबूराव आणि दामले कॅमेऱ्यामागे लागले. किती चाके कातली आणि किती फेकून दिली, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. अखेर १९१८ मध्ये कॅमेरा तयार झाला. दांडा फिरविला, फिल्म सरकली, धुतली, पडद्यावर टाकली, आणि चित्र स्थिर उभे राहिले!

कॅमेरा झाला म्हणजे चित्रपट झाला असे नव्हे. जागा हवी, कपडे हवेत, नटनट्या हव्यात, फिल्म हवी. या सर्वांसाठी पैसा हवा. तो कुणी दिला? कोल्हापूरच्या प्रसिद्ध गायिका तानीबाई कागलकर यांनी. गाणाऱ्या बाईने आपली मिळकत अशा नव्या, उद्या बुडेल की तरेल ठाऊक नसलेल्या धंद्यात घालावी, हे त्या काळात सोपे नव्हते. तानीबाईंचे नाव चित्रपटाच्या इतिहासात एका ओळीत येते. ते अधिक मोठ्या अक्षरांत यायला हवे होते. शाहू महाराजांचेही या उद्योगाला साहाय्य होते. अशा रीतीने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

पहिला विचार 'सीतास्वयंवर' काढण्याचा होता. पण स्त्रीची भूमिका करायला कोणी बाई पुढे येईना. नाटकात पुरुषच स्त्रियांची कामे करीत. बाबूरावांना ते पडद्यावर नको होते. कॅमेरा जवळून पाहतो. त्याच्यापुढे घोटून केलेली दाढीही लपत नाही. तेव्हा तो बेत सोडून द्यावा लागला. पुढे गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींनी धीर केला. पडद्यावर त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी ओळखल्या जाऊ लागल्या.

कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री'. महाभारतातील कथा. वनवासानंतर पांडव विराट राजाच्या घरी नावे बदलून राहतात. द्रौपदी सैरंध्री नावाने दासी होते. राणीचा भाऊ कीचक तिला छळतो, आणि भीम त्याला ठार करतो. ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात तो प्रथम दाखविण्यात आला. लोकमान्य टिळकांनी तो पाहिला आणि प्रसन्न होऊन बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. कीचकाच्या वधाचे दृश्य इतके हुबेहूब झाले होते की प्रेक्षक घाबरून गेले. पुढे तो भाग चित्रपटातून गाळावा लागला. दृश्य खोटे असल्याचे ठाऊक असूनही लोक घाबरले, यातच सारे आले.

यानंतरची दहा वर्षे बाबूरावांची होती. 'सुरेखाहरण', 'सिंहगड', 'कल्याण खजिना', 'सती पद्मिनी' असे चित्रपट एकामागून एक निघाले. त्यांतल्या सगळ्यांविषयी येथे सांगत बसत नाही. पण त्यांनी काय नवे केले ते सांगायला हवे. नाटकाचे पडदे रंगवून ज्यांनी नाव मिळविले, त्यांनीच चित्रपटातून रंगविलेले पडदे काढून टाकले! त्यांच्या जागी खऱ्या भिंती, दारे, खांब आणि कमानी उभारल्या. माणूस त्यांतून आत जाऊ शके, खांबाला टेकू शके. कोणत्या पात्राने काय नेसावे, कोठे उभे राहावे, हे बाबूराव आधी कागदावर चित्र काढून दाखवीत. पडद्यावर तेव्हा रंग नव्हते. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. तांबडे लुगडे पडद्यावर काळे दिसे, आणि निळे आकाश पांढरे. रंगाची जाण असलेल्या माणसाला हा अडथळाही होता आणि गंमतही.

१९२३ च्या 'सिंहगड' मध्ये तानाजी मालुसऱ्यांची कथा होती. गड रात्री सर केला होता, म्हणून रात्रीची दृश्ये घ्यायची होती. तोवर आपल्याकडे चित्रण सूर्याच्या उजेडातच चाले. ढग आला की काम बंद. बाबूरावांनी विजेचे प्रखर दिवे लावून रात्रीची दृश्ये घेतली. आपल्या देशातील चित्रपटांत अशा कृत्रिम प्रकाशाचा वापर करणाऱ्यांत त्यांचा पहिला मान आहे.

चित्रपटांच्या जाहिरातीही ते स्वतः रंगवीत. १९२४ च्या 'कल्याण खजिना' चे त्यांनी केलेले भित्तिपत्रक आजही उपलब्ध असून, भारतीय चित्रपटांच्या उपलब्ध भित्तिपत्रकांत ते सर्वांत जुने मानले जाते. चित्रपटाची गोष्ट आणि छायाचित्रे असलेली छापील पुस्तिका प्रेक्षकांना देण्याची पद्धतही त्यांनीच पाडली.

पण बाबूरावांचा खरा मोठा चित्रपट कोणता, असे मला कुणी विचारले तर मी 'सावकारी पाश' चे नाव घेईन. तो १९२५ मध्ये आला. कथा नारायण हरी आपटे यांची. त्यात देव नव्हते, राक्षस नव्हते, राजे नव्हते. एक शेतकरी सावकाराच्या कर्जात अडकतो. त्याची जमीन जाते. घर सोडून तो मुंबईला जातो आणि गिरणीत मजूर होतो. एवढीच गोष्ट. शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. पडकी झोपडी आणि तिच्याजवळ विव्हळणारे कुत्रे हे त्यातले दृश्य पाहणाऱ्यांच्या मनावर कायमचे कोरले गेले. गरीब माणसाचे दुःख इतक्या खरेपणाने आपल्या पडद्यावर त्याआधी आले नव्हते. त्या वेळच्या प्रेक्षकांना चमत्कार आणि लढाया अधिक आवडत, म्हणून या चित्रपटाला 'सिंहगड' सारखी गर्दी झाली नाही. बाबूरावांना मात्र तो इतका जवळचा वाटत होता की १९३६ मध्ये त्यांनी त्याच कथेवर बोलपट काढला.

बाबूराव अबोल होते. काम मनासारखे होईपर्यंत ते पुढे सरकत नसत. यंत्र घडविताना हा स्वभाव वरदान ठरला. धंद्यात तसे झाले नाही. एक चित्रपट संपून दुसरा सुरू व्हायला वेळ लागे, आणि हाताखालची तरुण माणसे अस्वस्थ होत. शिकविण्याचीही त्यांची रीत वेगळी होती. ते समजावून सांगत नसत, काम करीत राहत. ज्याला पाहता येईल त्याने पाहावे. दामले, फत्तेलाल, शांताराम, केशवराव धायबर ही सारी माणसे अशी नुसती पाहून तयार झाली. शांताराम तर कंपनीत आले तेव्हा पडेल ते काम करणारे पोर होते. १९२८ मध्ये 'महारथी कर्ण' हा चित्रपट दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला, तो याच कंपनीत.

त्यानंतर वर्षभरातच हे चौघे कंपनी सोडून गेले. सीतारामपंत कुलकर्णी यांना बरोबर घेऊन त्यांनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. दामले-फत्तेलाल यांच्या १९३६ मधील 'संत तुकाराम' या चित्रपटाचा दुसऱ्याच वर्षी इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. शिष्यांचे नाव सातासमुद्रापार गेले. गुरूच्या कंपनीत मात्र त्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या. हे चूक की बरोबर, याचा निवाडा सोपा नाही. तरुणांना वाढायला जागा हवी होती, ती महाराष्ट्र फिल्म कंपनीत उरली नव्हती. पण ज्या हातांनी आपल्याबरोबर कॅमेरा जुळविला ते हात एकदम निघून गेल्यावर त्या अबोल माणसाला काय वाटले असेल, ते त्यांनी कुणापाशी बोलून दाखविल्याचे दिसत नाही.

पाठोपाठ बोलपट आला. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' मुंबईत दाखविला गेला आणि मूकपटांचा काळ संपला. नव्या यंत्रांना पुष्कळ पैसा लागणार होता. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्याच सुमारास बंद पडली. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्याचे दिवसही गेले. आवाज बरोबर घ्यायचा तर फिल्म अगदी एकसारख्या वेगाने, सेकंदाला २४ चित्रे, चालावी लागते. माणसाच्या हाताला ते साधत नाही.

बाबूरावांनी पुढे 'उषा' (१९३५) आणि 'प्रतिभा' (१९३७) यांसारखे बोलपट दिग्दर्शित केले. १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी' या चित्रपटात ते पुन्हा आपले शिष्य शांताराम यांच्याबरोबर आले. पण त्यांचा अधिक वेळ आता चित्रे रंगविण्यात आणि पुतळे घडविण्यात जाई. कोल्हापूरचे लोक त्यांना कलामहर्षी म्हणत. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले.

त्या काळची फिल्म फार लवकर पेट घेई आणि नीट न ठेवल्यास आपोआपही कुजे. त्यामुळे महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट नष्ट झाले. 'मुरलीवाला' (१९२७) सारखा एखादाच वाचला. 'सैरंध्री' आज आपल्याला पाहता येत नाही, आणि १९२५ चा 'सावकारी पाश' ही नाही. राहिली आहेत ती काही छायाचित्रे, काही भित्तिपत्रके आणि पाहणाऱ्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणी. पुढच्या वेळी शहरात गेलात तर खरी कॉर्नरचा स्तंभ जरूर पाहा. महाराष्ट्र फिल्म कंपनीची आठवण तेथे जपलेली आहे. दर वर्षी १ डिसेंबरला चित्रपट क्षेत्रातली माणसे तेथे जमतात.